बार्नमच्या आधीची जेनी लिंड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत स्वीडिश गायिका जेनी लिंड (१८२०–१८८७) यांच्यावर आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. परंतु लेखाचा बहुतेक भाग पी. टी. बार्नम या अमेरिकी तमाशेवाल्याने आखलेल्या दौऱ्यावरच खर्ची पडला आहे, आणि त्या दोघांच्या कथित प्रेमाचा उल्लेख तर अलीकडच्या एका हॉलिवूडपटावरून बेतलेला दिसतो. त्या प्रेमाला कसलाही आधार नाही. लिंडबाईंनी फेब्रुवारी १८५२ मध्ये बॉस्टनला लग्न केले ते साथीला पियानो वाजवणाऱ्या ओटो गोल्डश्मिट यांच्याशी.

बार्नमने त्यांना मोठे केले, हा लेखाचा रोख मला मान्य नाही. एका मैफलीला १,००० डॉलर या दराने १५० मैफलींचा करार करून, सगळी रक्कम लंडनच्या पेढीत आगाऊ ठेवायला तो तयार झाला, तोही त्यांचे गाणे एकदाही न ऐकता. युरोपात त्यांचे नाव आधीच दुमदुमत होते, म्हणूनच त्याने ही जोखीम पत्करली. अमेरिकेला जाण्यापूर्वीच, मे १८४९ मध्ये, वयाची तिशीही गाठलेली नसताना त्यांनी ऑपेराचा रंगमंच कायमचा सोडला होता, ही गोष्ट लेखात एका ओळीतही नाही.

त्याहून मोठी उणीव १८४१ सालाची आहे. नवव्या वर्षी स्टॉकहोमच्या राजनाट्यगृहाच्या शाळेत दाखल झालेल्या आणि १८३८ मध्ये जर्मन संगीतकार वेबरच्या ‘डेर फ्रायशुत्स’ या ऑपेरातून नायिका म्हणून पुढे आलेल्या या मुलीचा गळा अतिश्रमाने आणि चुकीच्या तालमीने विशीतच बसला. त्या पॅरिसला गायनगुरू मान्वेल गार्सिया यांच्याकडे गेल्या, तेव्हा त्यांनी आधी शिकवायला नकार दिला आणि मग काही आठवडे गाणे पूर्ण बंद ठेवायला सांगितले. त्यानंतर श्वास, स्वरोत्पत्ती, सावकाश स्वरावल्या, असे सारे पहिल्यापासून सुरू झाले. पुढे हेच गार्सिया आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र गाताना पाहणारे संशोधक म्हणून प्रसिद्ध झाले. ‘कोलोरातुरा’ म्हणजे वरच्या सप्तकात अतिवेगाने, पण प्रत्येक स्वर सुटा आणि नेमका ठेवून घेतलेल्या ताना. त्यासाठी लागणारा ताबा लिंडबाईंना या पुनर्घडणीतूनच मिळाला. तरीही मधल्या पट्टीतले काही स्वर कायमचे किंचित झाकोळलेले राहिले, असे त्यांना ऐकणाऱ्या जाणकारांनीच नोंदवले आहे. उणिवेसह गायकी उभी करण्याची ही हकिकत मला बार्नमच्या दौऱ्यातील तिकिटांच्या लिलावापेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, त्यामुळे लिहिणारे पैशांच्या आकड्यांकडे वळतात, हे मी समजू शकतो. पण त्यांच्या गळ्यासाठी रचलेले संगीत तर उपलब्ध आहे! १८४७ मध्ये लंडनला प्रथम सादर झालेल्या इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ‘ई मास्नादिएरी’ या ऑपेरातील अमालियाची भूमिका त्यांच्यासाठीच लिहिली गेली. जर्मन संगीतकार मेंडेल्सोनने ‘एलिजा’ या ऑरेटोरिओमधील (बायबलमधील कथेवरची, अभिनयाविना गायली जाणारी मोठी संगीतरचना) सोप्रानोचे, म्हणजे सर्वांत उंच स्त्री-आवाजाचे, गान रचताना त्यांचा तार स्वर मनात धरला होता, ते त्यांच्या तोंडून ऐकण्याआधीच तो वारला. डिसेंबर १८४८ मध्ये लंडनला ‘एलिजा’ गाऊन लिंडबाईंनी त्याच्या नावाच्या शिष्यवृत्तीसाठी निधी उभा केला, आणि ती शिष्यवृत्ती पहिल्यांदा मिळाली आर्थर सलिव्हन या मुलाला, जो पुढे इंग्लंडचा लोकप्रिय संगीतकार झाला. अमेरिकेतील कमाईचा मोठा वाटाही त्यांनी दानधर्मासाठी, विशेषतः स्वीडनमधील मोफत शाळांसाठी दिला.

उत्तरार्ध लंडनमध्ये गेला. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्या गायनाच्या प्राध्यापिका होत्या. या विषयावर आपण पुन्हा लेख छापणार असाल, तर त्यात गार्सियांची तालीम आणि लिंडबाईंचे हे अध्यापन यांना जागा मिळावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा