कंप्रेसर बंद करून ऐकणाऱ्या काकांना

काका,

त्या दिवशी तुमच्या गॅरेजमधून निघताना ‘थँक्यू’ म्हणालो खरा, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझ्या गाडीचं इंजिन सुरू केलं की स्टिरिओच्या स्पीकरमधून एक बारीक ‘कुंईऽऽ’ यायचा. रेस दिली की चढायचा, सोडली की उतरायचा. गाणी मोठ्याने लावली तर दबून जायचा, पण हळू आवाजात काही ऐकायची सोयच उरली नव्हती.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या एकाने गाडीत न बसताच सांगितलं, ‘सगळ्याच गाड्यांना असतो.’ दुसऱ्याने पॉवरच्या वायरवर फिल्टर बसवला, आवाज होता तसाच. तिसऱ्याने तर स्टिरिओच बदलायला लावला आणि तरीही फरक पडेना तेव्हा म्हणाला, ‘साहेब, तुमचा कानच तिखट आहे.’ पैसे गेल्याचं इतकं वाटलं नाही, जितकं हे वाक्य लागलं. दोष सापडत नाही म्हणून गिऱ्हाइकालाच खोटं पाडायचं, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही काय केलंत? मी सगळी कहाणी सांगायला लागलो तसं हाताने थांबवलंत. शेजारी धडधडणारा कंप्रेसर बंद केलात, पंखा बंद केलात, पत्रा ठोकणाऱ्या पोराला म्हणालात, ‘दोन मिनिटं थांब रे.’ मग माझ्या बाजूच्या सीटवर बसलात, काचा वर घेतल्या आणि म्हणालात, ‘आता द्या रेस.’ मान खाली घालून ऐकलंत. ‘येतोय की! चांगला स्पष्ट येतोय.’

काका, गाडी तेव्हा जराही दुरुस्त झाली नव्हती. पण माझं अर्धं ओझं तिथेच उतरलं. माझ्यासाठी चालू काम थांबवून कुणीतरी ऐकलं होतं.

पुढचं काम तुम्हाला रोजचंच असेल. सिस्टीम बंद करून ॲम्पची (स्पीकरचा आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची) आरसीए केबल, म्हणजे स्टिरिओतून त्यात गाणं नेणारी वायर, काढलीत, परत चालू केल्यावर आवाज गायब, आणि तुम्ही थेट डिकीत जिथे ॲम्पची अर्थिंगची वायर गाडीच्या बॉडीला जोडली होती तिकडे वळलात. बोल्ट काढून मला बोलावलंत. वायरची रिंग गाडीच्या रंगावरच आवळलेली होती! आधीच्या कुणीही तो बोल्ट उघडून बघितला नव्हता. पॉलिश पेपरने घासून तुम्ही खालचा पत्रा लख्ख केलात आणि माझं बोट धरून आधी रंगावरून, मग पत्र्यावरून फिरवलंत. ‘फरक कळला ना?’

तिथेच उभ्या उभ्या तुम्ही समजावलंत तेही लक्षात आहे. इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर एसी वीज बनवतो, त्यातले डायोड तिची डीसी करतात, तरी थोडी लहर शिल्लक राहतेच. इंजिन जोरात फिरलं की ती लहरही जलद होते, म्हणून सूर चढतो. मध्ये रंग आल्यामुळे ॲम्पला बॉडीचा अर्थ नीट मिळाला नाही तर करंट आरसीए केबलमधल्या तारांच्या जाळीतून परतीची वाट शोधतो आणि ती लहर गाण्यात मिसळते. इतक्या सोप्या भाषेत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित सांगायचंच नव्हतं, कारण कळलं असतं तर नवा स्टिरिओ कशाला घेतला असता?

हुशार कारागीर पुष्कळ भेटतात. समोरच्याचं म्हणणं खरं धरून कामाला लागणारे फार थोडे. डॉक्टर असो, मास्तर असो की प्लंबर, अशा माणसाकडे गेलं की आपण आपोआप मोकळेपणाने बोलू लागतो. तुम्ही यातलं काही ठरवून केलं नसणार, तुमचा स्वभावच तो. म्हणूनच त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आता इंजिन चालू ठेवून आवाज अगदी कमी केला तरी फक्त गाणंच ऐकू येतं. माझ्या एका मित्राच्या गाडीतही असाच ‘कुंईऽऽ’ आहे, फोन चार्जिंगला लावून ऑक्स केबलने (फोन स्टिरिओला जोडणाऱ्या वायरने) गाणी लावली की येतो. चार्जर काढून आवाज जातो का बघ, असं मी त्याला सांगितलंय. नाही गेला तर तो तुमच्याकडेच येईल.

तुमचा,
डिकीतल्या अर्थिंगवाला