हमीपत्रावर सही घेऊन काय साधलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात मी रेक्टर आहे. गेल्या मे महिन्यात एक मुलगी भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मेसला यायची. तिने स्वतःला इजा करून घेतल्याच्या हातावरच्या खुणा आधी पोळ्या वाढणाऱ्या मावशींना दिसल्या, मला नंतर.

"लक्ष वेधून घ्यायची नाटकं," असं कॉलेजच्या बैठकीत एक सर म्हणाले. लक्षच वेधायचं असतं तर तिने बाह्या कशाला ओढल्या असत्या?

ती बोलती व्हायला तीन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दोन मेसच्या आमटीला नावं ठेवण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मरायचं नव्हतं. आत इतकं दाटून येतं, की ते थांबवायला दुसरं काही सुचत नाही." दोन विषय राहिलेले, बाबांनी फीसाठी कर्ज काढलेलं, घरी काही सांगितलेलं नाही. बाबांवर चिडायची सोय नाही, मग राग स्वतःवरच निघतो. घटकाभर हलकं वाटतं, मागोमाग लाज, आणि पुन्हा तेच. काहींचं उलट असतं: काहीच वाटेनासं होतं, आणि ते बधिरपण सोसवत नाही. या मुलांकडे शब्द तरी किती? अपमान, भीती, एकटेपणा, सगळ्याला एकच 'टेन्शन'. मात्र 'मरायचं नव्हतं' म्हणून हलक्यातही घेऊ नये. अशा मुलांना पुढे आत्महत्येचा धोका जास्त असतो.

कॉलेजने काय केलं? 'पुन्हा असे करणार नाही' असं हमीपत्र लिहून घेतलं, वडिलांना बोलावून त्यांच्यासमोर. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणाराही तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो, त्याला शिक्षा नको म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही उरलेलं नाही. आणि इथे जी आधीच स्वतःला शिक्षा करतेय, तिच्याकडून आपण कबुलीजबाब घेतो! समुपदेशक मात्र गुरुवारी दोन तास. ते रोज हवेत, आणि त्यांच्याशी झालेलं बोलणं विभागप्रमुखांच्या टेबलावर जाता कामा नये.

तोवर मेसच्या मेन्यूशेजारी मी 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावलाय. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. खाली नंबर लिहिलेल्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. आठवड्यात चार गेल्या. कुणी नेल्या, ते मी विचारलेलं नाही.

– एक रेक्टर, पुणे