फुटक्या बांगड्या, टवके उडालेल्या बशा टाकू नका, मुलांना द्या!

शालोम मंडळी,

आपल्या इस्रायलमधल्या लोद गावच्या बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या ज्यू समाजाच्या) मुलांचा उन्हाळी कॅम्प ऑगस्टमध्ये आहे आणि यंदा मोझेक (रंगीत तुकडे जुळवून केलेलं चित्र) शिकवायला एक आर्टिस्ट ताई बाहेरगावाहून चार दिवस येणारेत, मानधन नको म्हणाल्या, फक्त गाडीभाडं आणि सामान आपण बघायचंय.

लोद म्हणजे मोझेकचंच गाव की. 1996 ला रस्ता रुंद करताना साधारण 1700 वर्षांपूर्वीची फरशी निघाली, हत्ती, वाघ, मासे, दोन जहाजं, आणि 2009 मध्ये ती उचलली तेव्हा खालच्या चुन्यात कारागिरांच्या पावलांचे ठसे होते, काही अनवाणी, काही चपलांचे. मुलांना बघायला नेलं होतं तर आमच्यातली एक चिमुरडी जहाजावर बोट ठेवून म्हणाली, हे आपलं नवगावचं का? नव्हे, पण विषय तिथेच ठरला. कोकणात नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं आपल्या पूर्वजांचं जहाज, त्यातून वाचलेली सात जोडपी, आणि एका कोपऱ्यात शनवार तेल्यांचा, म्हणजे शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या आपल्या तेली पूर्वजांचा, घाणा. आज्या गोष्ट सांगतात ती मुलांनी स्वतःच्या हातांनी बनवावी असं मनापासून वाटतं, कारण यातल्या बऱ्याच मुलांना मराठी आता कळतं पण बोलता येत नाही.

गेल्या वर्षी आमचं चुकलं. साध्या प्लायवर चिकटवलं, फरश्या टॉवेलात गुंडाळून हातोडीने फोडल्या, एका मुलाचं बोट कापलं आणि सुक्कोथ सणानंतरच्या पहिल्याच पावसात प्लाय फुगून निम्मे तुकडे गळाले. मुलं ते वेचत बसली होती, बघवत नव्हतं. म्हणून या वेळी सिमेंट बोर्ड, टाइल कापायच्या चांगल्या पकडी, प्रत्येकाला चष्मा, फटी भरायला नीट ग्राउट, सगळं रीतसर घ्यायचंय. मुलामागे 60 शेकेल खर्च येतोय, मुलं 32. कुणी एका मुलाचा खर्च उचला, कुणी अर्ध्याचा, जे जमेल ते.

पैसे मंडळाच्या खजिनदारांकडे द्या, पावती मिळेल. भारतातून कुणी येणार असेल तर चार डझन काचेच्या बांगड्या आणा प्लीज. पकड धरायला मोठी माणसंही लागतील, सकाळी 8 ते 12, उन्हाच्या आत. पहिल्या दिवशी एलियाहू हन्नाबीचं (प्रेषित एलियाचं) नाव घेऊन मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करणार आहोत, पोहे आणि खोबरं कुणी देणार असेल तर कळवा.

फुटकं सामान धुऊन, कागदात गुंडाळून सिनेगॉगच्या व्हरांड्यातल्या खोक्यात ठेवा, शनवार सोडून कधीही. हिरव्या बांगड्या वेगळ्या पिशवीत, समुद्राला हिरवा कमी पडतोय.