हवा कमी केल्यावर गारठा का वाढतो?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावी नुकत्याच वातानुकूलित झालेल्या एका सभागृहात आषाढात व्याख्यानाला गेलो होतो. मधल्या रांगेतील ज्येष्ठांनी डोक्यावर गार झोत येत असल्याची तक्रार केली, तेव्हा कर्मचाऱ्याने शिडी लावून छतातील चौकोनी डिफ्यूझरचा (थंड हवा खोलीत पसरवणाऱ्या जाळीचा) डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, निम्मा बंद केला आणि थोड्याच वेळात ती मंडळी कानाला रुमाल बांधून बसली. त्यांना हे चमत्कारिक वाटले. एसी बसवण्याच्या कामात उमर गेलेल्या मला वाटले नाही.

अशा डिफ्यूझरमधून साधारण १३-१४ अंशांची हवा खाली नव्हे, तर छताला समांतर सोडलेली असते. वेगवान झोत स्वतःच्या आणि छताच्या मधली हवा ओढून घेतो, तेथील दाब किंचित उतरतो आणि झोत छताला चिकटून पुढे सरकतो. रुमानियन अभियंते आंरी क्वांडा यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. वाटेत खोलीतील उबदार हवा मिसळत जाऊन, माणसांपर्यंत उतरताना त्याचा वेग सेकंदाला पाव मीटरच्या आसपास यावा, अशी अपेक्षा असते. डॅम्पर आवळून हवा फार कमी केली, की हे चिकटणे सुटते आणि थंड, म्हणून जड असलेली हवा पुरती न मिसळताच खाली कोसळते. झोताच्या वाटेत खोल तुळई आली तरी हेच होते, पण सजावटकारांच्या ते गावीही नसते.

दुसरी तक्रार ठिबकणाऱ्या पाण्याची. ड्रेनची नळी तुंबूनही पाणी येते, हे खरे. पण थेंब डिफ्यूझरच्या कडेलाच धरत असतील, तर कारण बहुधा आपली दमट हवा. पावसाळ्यात येथे मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू, म्हणजे हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे २६ अंशांवर असतो, त्यामुळे दरवाजे सताड उघडे ठेवले की थंड पत्र्याला घाम फुटणारच.

तेव्हा व्यवस्थापनाने हवा अडवायला डिफ्यूझरवर चिकटवलेले पुठ्ठे काढावेत, दारे आपोआप मिटतील अशी सोय करावी आणि जेथे हवा कमीच हवी तेथे लहान मापाचा डिफ्यूझर बसवावा. प्रत्येक डिफ्यूझरमधून किती हवा येते याचे मोजमाप ठेकेदाराकडून लेखी घेतल्याशिवाय त्याचे शेवटचे बिल मंजूर करू नये.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी