ग्रामसभेची वेळ बदला

महोदय,

डिसेंबर २००७ मध्ये व्हेनेझुएलात राष्ट्राध्यक्ष ह्युगो चावेझ यांनी त्या पदाची मुदतमर्यादा (एकच माणूस किती वेळा निवडून येऊ शकतो ही मर्यादा) काढण्यासाठी सार्वमत घेतले. सुमारे ५१ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. एवढ्या बलाढ्य नेत्याला हार मानावी लागली, याचे आजही कौतुक वाटते. पण फेब्रुवारी २००९ मध्ये मुदतीचा तोच प्रश्न पुन्हा मताला टाकला गेला आणि मंजूर झाला. मला ही दुसरी तारीखच जास्त छळते.

कारण आमच्याकडेही खरा निर्णय दुसऱ्या तारखेलाच होतो. आमच्या ग्रामसभेत कोरम (किमान हजेरी) भरत नाही, म्हणून सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. वेचणीच्या दिवसांत बाया कमरेला ओटी बांधून वावरात असतात. तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग आठ-दहा जणांत ठराव पास! २६ जानेवारीची सभा तरी सांजेला, माणसे वावरातून परतल्यावर घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ