नानाला गुरुवारच्या आत गाठ

सातारा

प्रिय बंडू,
सप्रेम नमस्कार.

नाना कोथरूडचा फ्लॅट संजूला बक्षीस देतोय. मसुदा टाइप होऊन आलाय. पुढच्या गुरुवारी सब-रजिस्ट्रारकडे सह्या आणि अंगठे, साक्षीदार म्हणून संजूच्या ऑफिसातले दोघे. फोनवर इतका खुशीत होता की मला मधे बोलायला फट मिळेना. माझं तसंही तो ऐकत नाही. 'कचेरीत जन्म गेला तुझा, तुला सगळीकडे भांडणंच दिसतात,' म्हणतो. तुझं ऐकेल. कागद न बघता लॅम्ब्रेटाचे पैसे मोजले तेव्हा त्याला शिव्या घालणारा तू एकटाच होतास, आणि तेवढ्यावरून दोघांनी अबोला धरलात. त्या अबोल्याचा मान तो अजून ठेवतो.

माझं बरं आहे. साखर, बीपी, गोळ्या, सगळं जिथल्या तिथे.

आधी एक सांगतो. संजू वाईट नाही, सून ऋताही नाही. नानाची बिनतिखटाची भाजी ती पोरगी रोज वेगळी काढते. म्हणूनच नानाचं म्हणणं, अटी कशाला घालायच्या, पोराला काय वाटेल. अरे, पण मला भीती संजूच्या वाईटपणाची नाहीच! बक्षीसपत्र नोंदलं की घर संजूचं. उद्या त्यालाच काही झालं आणि त्याचं मृत्युपत्र नसलं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई, बायको आणि मुलं पहिल्या वर्गाचे वारस, बाप दुसऱ्या वर्गात. म्हणजे वाटे तीन: वसूवहिनी, ऋता आणि चिऊ. नानाच्या वाट्याला काही नाही. ज्याने हप्ते फेडले तो बायकोच्या तिसऱ्या हिश्श्यावर राहणार. हे त्याला वहिनींच्या समोर सांग. त्या हसतील, पण ह्याच्या डोक्यात शिरेल.

दुसरं कर्जाचं. संजू नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी काढणार, हे गेल्या दिवाळीपासून चाललंय. घर त्याच्या नावावर आलं की ते तारण ठेवायला नानाची सही लागत नाही. हप्ते थकले तर आत म्हातारे आईबाप राहतात म्हणून बँक थांबत नाही. पोरगा कितीही श्रावणबाळ असो, धंदा बुडायला स्वभाव आड येत नाही.

'आईवडील आणि ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे की,' नानाने लगेच ऐकवलं. पेपरात वाचलंय म्हणे. अर्धं वाचलंय. कलम २३ सांगतं की साठीपुढच्या माणसाने सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. पण मुळात अट घातलेली हवी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की प्रेमाने दिलं म्हणजे सांभाळायची अट आपोआप आली, असं धरता येणार नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताचा लावा म्हणाले. पण तिथे बक्षीसपत्रात सांभाळण्याचा उल्लेख होता आणि मुलाने वचनपत्रही लिहून दिलेलं. नानाच्या मसुद्यात काय आहे? 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' आणि त्याखाली फ्लॅटची चतुःसीमा. बस.

आणि समजा अट घातली, वेळही आली, तरी प्रांताधिकाऱ्यासमोर, म्हणजे त्या न्यायाधिकरणासमोर, उभं राहणं सोपं नसतं रे. कलमाप्रमाणे तिथे वकील नाही. आपण या बाजूला, पोटचं पोर त्या बाजूला. पोटगी मागितली तर कायद्यात कमाल महिना १०,०००. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं म्हटलंय, पण तेवढ्यात घरातल्या स्वयंपाकघराचे दोन भाग होतात. लोक अर्जात घर लिहितात, औषधं लिहितात. तोंडी विचारलं की वेगळंच बाहेर येतं: नातवाला आमच्या खोलीत येऊ देत नाहीत. त्यावर हुकूम काढायला कलम नाही. आणि 'पोराला शिक्षा नको हो साहेब' हे तर जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो.

तेव्हा त्याला मृत्युपत्र करायला लाव. साधा कागद, स्टँप नको, दोन साक्षीदार, नोंदणी ऐच्छिक. तरी करावी, पुढे वाद कमी होतात. सोबत डॉक्टरकडून 'मनाने सावध' असा दाखला. पुढे मन बदललं तर नवीन लिहायचं, शेवटचं खरं. घर मरेपर्यंत त्याचं, आणि संजूला मिळायचं ते मिळणारच आहे. दोनशे रुपयांत काम होतंय हा नानाचा हुकमी एक्का! मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये हे खरंच आहे, पण पुण्यात वर बाजारमूल्यावर अधिभार लागतो आणि तो एजंट शेवटी सांगतात. स्वस्त मिळतं म्हणून वस्तू घ्यायची त्याची सवय काही जात नाही. मंडईतून आणलेली ती पाच किलो वांगी आठव.

हट्ट सोडलाच नाही तर निदान मसुदा बदलायला लाव. त्यात लिहायचं की लिहून देणार आणि त्यांच्या पत्नी यांना सदनिकेत तहहयात राहण्याचा हक्क राहील, लिहून घेणार हे दोघांचा अन्न, औषधोपचार व देखभालीचा खर्च करतील, आणि कसूर झाल्यास बक्षीसपत्र कलम २३ प्रमाणे रद्द होण्यास पात्र राहील. 'माझ्या मर्जीला येईल तेव्हा परत घेईन' असलं काही नको, तसं बक्षीस कायद्याने टिकत नाही. हे सगळं दस्तातच हवं. वेगळ्या स्टँपपेपरवर लिहून कपाटात ठेवलं तर बँक किंवा खरेदीदार 'आम्हाला माहीतच नव्हतं' म्हणायला मोकळे.

आता तो म्हणेल, मग चिऊच्या नावावर करतो. 'ती मला नानूआजोबा म्हणते' असं सांगत होता. ती सात वर्षांची. अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाची स्थावर मिळकत विकायची किंवा गहाण टाकायची तर जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. वहिनींचं एखादं ऑपरेशन निघालं तर घर असून पैसा नाही, चिऊ अठरा वर्षांची होईपर्यंत.

आणि शुभाला काहीच सांगितलेलं नाही! मुलगी लग्न होऊन गेली, तिचा काय संबंध, हे आपल्या नानाचे विचार. १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका बापाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेली मुलगीही बापाच्या पोटगीला जबाबदार धरली, आणि २००७ च्या कायद्यातही मुलगा-मुलगी सारखेच. जबाबदारीत धरायचं आणि घर देताना कळवायचंही नाही? घर स्वतःच्या कमाईचं आहे, तिला एक वीटही देऊ नकोस म्हणावं, पण गुरुवारच्या आधी तोंडाने सांग. आधी वहिनी, मग शुभा, मग संजू आणि ऋता एकत्र. ऋताला वगळून संजूशी एकट्याशी बोलू नये. उद्या घरात काही बिनसलं तर तिचाही त्या घरात राहण्याचा हक्क उभा राहतो. ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन सुनेला असं झटपट बाहेर काढता येत नाही, हे २०२० मध्ये ठरलंय.

तू मुलांच्या बाजूने बोलतोस म्हणून आपलं वाजलं होतं, ते मी विसरलो नाही. तुझंच बरोबर होतं असं म्हणणार नाही. पण यावेळी मी संजूच्याच बाजूने बोलतोय. वडिलांनी चांगला कागद केला तर उद्या बहिणीला तोंड दाखवताना त्याला खाली बघावं लागणार नाही.

बडोद्याला पाऊस कसा आहे? सुनंदाच्या मोतीबिंदूचं झालं का? मकरंदच्या बदलीचं कळव. दिवाळीत ये, हे नेहमीचंच, पण खरंच ये.

नानाला फोन दुपारी कर, साडेतीननंतर. तोवर त्याची झोप झालेली असते आणि संजू घरी नसतो. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

तुझा
दिगू

ता. क. मसुदा बदलला तर वहिनींचं पूर्ण नाव घालायला सांग. नुसतं 'पत्नी' लिहून चालवतात टायपिंगवाले. आणि साक्षीदार संजूच्या ऑफिसातले नकोत. सोसायटीतले कुलकर्णी चालतील, ते कुणाचेच नाहीत.