तुझ्या फोटोतलं बोट

प्रिय मनू,

काल तू मध्येच फोन ठेवलास, त्याचा राग नाही. पण नंतर तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला आणि माझी झोप उडाली. दगडाखाली विंचवाची मादी, तिच्या पाठीवर दाटीवाटीने बसलेली पांढुरकी पिल्लं, आणि अगदी शेजारी तुझं बोट. आकार कळावा म्हणून ठेवलं म्हणालीस. पेन ठेवायचं ना, बाळा.

पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर राहतात, हे तू सांगत होतीस तेव्हा ऊर भरून आला होता. खोलीमागच्या पडीक जागेत तू एवढं शोधून काढतेस!

फक्त दगड उचलताना पलीकडची कड उचल, म्हणजे तो ढालीसारखा मध्ये राहतो. खाली हात घालू नकोस, काठी घे. पाहून झालं की दगड होता तसाच ठेव. त्याखालचे ते गोळी होऊन बसणारे करडे किडे खेकड्यांच्या नात्यातले, ओल गेली की तगत नाहीत. आणि डंख झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन गुणकारी ठरतं हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, पण ते वेळेत मिळायला हवं. सुरू झालं बघ माझं भाषण. माफ कर.

दुसरीत असताना तू मुंग्यांच्या रांगेवर ओलं बोट फिरवलं होतंस. दोन्हीकडच्या मुंग्या त्या रेषेपाशी अडल्या, मिशा हलवत माघारी वळल्या. मग एक तिरकी जाऊन पलीकडे पोचली आणि हळूहळू बाकीच्या तिच्यामागे. "बाबा, मी त्यांचा वास पुसला," म्हणालीस. कुणी शिकवलं नव्हतं तुला. गणिताच्या वहीमागे काढलेली ती वाट अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हाही बोटच होतं म्हणा.

अण्णांच्या त्या पावसाळ्यापासून आई चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही. तूही बूट झटकत जा. मला भीती वाटते म्हणून तू थांबावंस, असं मात्र मुळीच नाही.

अतिनील किरणांचा टॉर्च तुझ्या पत्त्यावर मागवलाय. त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात, लांबूनच दिसतील. मैत्रिणीला सोबत ने. आणि हात... असो. आईला तरी फोन कर.

तुझा,
बाबा